अठ्ठ्याहत्तरच्या मागची तारीख

शांभवी : मशीनवर चादर घातली म्हणून सांबू अण्णा काही आंधळे होणार नाहीत.

भरद्वाज : धूळ बसते म्हणून घातली.

शांभवी : तो कॉम्प्युटर घरात आल्यापासून धूळ मी पुसतेय. आज पहिल्यांदा ती तुम्हांला दिसली. अहो, अण्णांच्या लेकीचा, वाणीचा फोन आला होता, अप्पा तिरुवैयारूहून बसमध्ये बसले म्हणून. येतील आता इतक्यात.

भरद्वाज : तू सांग ना, मी बँकेत गेलोय.

शांभवी : रविवारी?

भरद्वाज : मग देवळात गेलोय म्हण.

शांभवी : तुम्ही आपणहून देवळात गेलात असं ऐकलं तर ते तब्येतीची चौकशी करायला मुक्कामच ठोकतील. सख्ख्या चुलतभावापासून तोंड कशास लपवता? परवापासून बघतेय, ताटात भात तसाच राहतो, फोन वाजला की दचकता. मशीन बिघडलं का?

भरद्वाज : मशीन बिघडलं असतं तर बरं होतं. मशीन ठीक आहे. माझा प्रोग्राम चुकलाय. तो तारखेचा.

शांभवी : परदेशातल्या लोकांनी ज्याची वाखाणणी केली तो? जेवताना मला वाचून दाखवलीत ती?

भरद्वाज : तोच.

शांभवी : चुकायला आहे काय त्यात? खिडकीत महिना उघडतो, तारखेवर माउस टेकवायचा, संपलं.

भरद्वाज : तेवढंच नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तो कामाला लावता येतो. पंक्तीतल्या वाढप्यासारखा समज. आतून हुकूम येतो, जा, एक तारीख विचारून आण. हा विचारतो आणि आत नेऊन देतो. हुकूम स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचे, बस. आत माझा तिथीचा प्रोग्राम बसलेला. माणूस कुठल्या इंग्रजी तारखेला गेला ते कळलं की त्या दिवसाची तिथी काढतो, आणि यंदा श्राद्ध कधी येतं ते सांगतो.

शांभवी : हे तुमच्या साठीशांतीला आलेल्या एकेका पाहुण्याने ऐकलंय. हात धुवायला गेलेल्यांनीसुद्धा. पुढे बोला.

भरद्वाज : तू सगळ्या घरांतून तारखा विचारून आणल्यास ना, त्या मी एकदम घातल्या. एकेका नावाला खिडकी उघडून कोण बसणार? खिडकी दाखवूच नको, असं स्क्रिप्टमध्ये लिहिलं. तिकडून तारीख गेली, इकडून तिथी आली. मी बघितलंच नाही.

शांभवी : आणि लोकांनी तुम्हांला डोक्यावर घेतलं. सुब्रमण्यम वाध्यार तर म्हणाले, जन्मभर भिक्षुकी केली, पण पन्नास वर्षांपूर्वीचं पंचांग माझ्याकडे नाही, भरद्वाजांचं मशीन आहे ते देवासारखं.

भरद्वाज : मशीनकडेही नाही, शांभवी. त्याची दिवसांची मोजणीच एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीपासून सुरू होते. जुन्या काळचं मशीन, जन्मापासून तसंच आहे ते. त्याच्या मागे त्याच्या लेखी जग नाही.

शांभवी : मग त्याच्या आधी गेलेल्यांचं काय केलं त्याने?

भरद्वाज : दिवस तोच ठेवला, महिना तोच ठेवला, वर्ष अठ्ठ्याहत्तर केलं. त्याने नाही, मीच तसं लिहिलं होतं. 'ही तारीख मला माहीत नाही' अशी पाटी आली की स्क्रिप्ट मध्येच थांबते. वाईट दिसतं. म्हणून म्हटलं, जवळचं वर्ष धर आणि पुढे चल. लोकांनी वाखाणलं ते हेच, तुमचा प्रोग्राम कधी अडत नाही म्हणून.

शांभवी : तुमचाच तो. माहीत नाही हे दोन शब्द तुमच्या तोंडून लग्नापासून ऐकले नाहीत, प्रोग्रामला कुठून येणार?

भरद्वाज : बोल. आज सगळं ऐकून घेतो.

शांभवी : वर्ष बदललं तर बदललं. तारीख तीच ना?

भरद्वाज : तारीख तीच राहते, तिथी राहते का? पिळ्ळैयार चतुर्थीच घे, गणपती कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात. वर्ष चुकलं की तिथी चुकली. आणि थोडीच सरकते, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. महिना ओळखीचाच वाटतो.

शांभवी : तुम्हांला कधी कळलं?

भरद्वाज : परवा. पोलंडमधल्या एकाने मेल लिहिला. त्याने आजीची जन्मतारीख घातली होती. म्हणतो, तुमचा प्रोग्राम माझ्या आजीला माझ्या बायकोहून धाकटी करतो, आजी असती तर खूश झाली असती. फार सभ्य माणूस आहे.

शांभवी : मग?

भरद्वाज : आधी हसलो. मग हसता हसता सांबू अण्णांच्या अप्पांची तारीख आठवली. नोव्हेंबर एकोणसत्तर.

शांभवी : अय्यो. सांबू अण्णांनी तर गेल्या वर्षी पहिल्यांदाच केलं हो.

भरद्वाज : हो.

शांभवी : आयुष्यात पहिल्यांदा. बस डेपोत युनियनचे सेक्रेटरी, मेलेला माणूस जेवतो का म्हणून स्वतःच्या आईच्या, राजम काकूंच्या तोंडावर विचारणारे. काकू गेल्या, त्यांचं वर्ष सरलं, आणि मग हा माणूस आपणहून वाध्यारांच्या दारात उभा राहिला, अप्पांचं करायचं आहे म्हणून. मंत्र येत नाहीत म्हणून लहान मुलासारखा पाठ करत होता. ते सगळं चुकीच्या दिवशी?

भरद्वाज : मी चतुर्दशी सांगितली. कार्तिक शुद्ध चतुर्दशी. खरी तिथी पंचमी.

शांभवी : काढली कशी? त्याच मशीनवर?

भरद्वाज : फोनवर. डोळा लवायच्या आत आली.

शांभवी : मग तेव्हाच फोनवर का नाही काढलीत?

भरद्वाज : फोनवर कोणीही काढेल. त्यात माझं काय राहिलं असतं?

शांभवी : हे मात्र खरं बोललात.

भरद्वाज : अजून सगळं सांगितलं नाही. गेल्या वर्षी कार्तिक शुद्ध पंचमी कधी होती माहीत आहे? दिवाळीनंतरचा रविवार.

शांभवी : दिवाळीनंतरचा रविवार म्हणजे आपली साठीशांत.

भरद्वाज : हो.

शांभवी : त्यांच्या अप्पांच्या श्राद्धाचा दिवस, आणि आपण त्यांना पंक्तीत बसवून पायसम वाढलं.

भरद्वाज : मी वाढलं. तू आत होतीस.

शांभवी : आणि तो फोन. अहो, त्यांनी आधी फोन करून विचारलं होतं की. मी तिथेच फुलं निवडत होते. दिवाळीचा गोडाचा डबा संपायच्या आत आई अप्पांचं पान मांडायची असं अंधुक आठवतं, तुझ्या समारंभाच्या सुमारासच येत असेल, पुन्हा एकदा बघशील का, असं म्हणत होते. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवला होता. सगळे मामा, आत्या बसलेले. तुम्ही काहीतरी बोललात आणि घर हसलं.

भरद्वाज : काय बोललो ते नको सांगू. मला पाठ आहे.

शांभवी : हसायला मीही हसले होते. तेवढं माझ्याही पदरात.

भरद्वाज : शांभवी, मी एक विचार केलाय. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. पुढच्या सगळ्या तिथ्या इंग्रजी तारखेने लांबतात. तर यंदा त्यांना खरा दिवस सांगायचा. दिवस वेगळा का आला विचारलं तर म्हणायचं, अधिक महिन्यामुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शांभवी : मुठीत त्यांचा बाप आहे.

भरद्वाज : यंदापासून बरोबर होईल ना पण.

शांभवी : आणि चतुर्दशीची पंचमी झाली ती? अधिक महिन्यात तिथी नाव बदलते का? सुब्रमण्यम वाध्यारांची नजर गेली असेल, अक्कल नाही गेली.

भरद्वाज : वाध्यारांना मी सांभाळून घेईन. सांबू अण्णांना कुठे तिथीतलं कळतं.

शांभवी : काय म्हणालात?

भरद्वाज : चुकलो. असं म्हणायला नको होतं.

शांभवी : ऐका आता. वाणीने आणखी सांगितलं ते तुम्हांला सांगितलं नव्हतं. तिरुवैयारूच्या मठात अण्णा दर वर्षी अप्पांच्या तिथीला अन्नदान ठेवताहेत. भोजनशाळेच्या भिंतीत दगड बसणार. नाव, गोत्र सगळं कोरून झालंय, तिथीची जागा तेवढी सोडलीय. आज ते तुमच्याकडून तिथी पक्की करून घेणार आणि इथूनच दगडवाल्याकडे जाणार. तुमची चतुर्दशी दगडात जायला निघालीय.

भरद्वाज : दगडात?

शांभवी : पाचशे वर्षं टिकणार. आपल्या मराठी राजांच्या वेळी या गावच्या देवळात कोरलेलं अजून पुसलं गेलेलं नाही, ठाऊक आहे ना. बेल वाजली. चादर काढा.

(सांबशिव आत येतात. शांभवी कॉफी आणते. भरद्वाज उभाच असतो.)

सांबशिव : बस की रे, भरदू. तुझ्याच घरांत तूं उभा आणि मी बसलेला, बरं दिसत नाही. कॉफी फर्स्ट क्लास जाहली, शांभवी.

शांभवी : बसला गर्दी होती का, अण्णा?

सांबशिव : आमच्या डेपोचीच गाडी. कंडक्टरने ओळखलं, बसायला जागा दिली. पूर्वी माझ्या घोषणांस घाबरून देत, आता पांढऱ्या केसांस बघून देतात. सरी, बरं, कामाचं बोलूं. वाणीने सांगितलं असेलच.

शांभवी : दगडाचं सांगितलं.

सांबशिव : हसूं नका हां दोघं. ज्याने मठापुढे उभं राहून मठवाल्यांस शिव्या घातल्या, तोच आता त्यांच्या भिंतीत दगड बसवतो आहे. डेपोतले जुने दोस्त म्हणतात, सेक्रेटरी म्हातारा जाहला. म्हणोत. चार भुकेली माणसं जेवतील, यांत कुठल्या झेंड्यास विटाळ होतो?

भरद्वाज : कोणी हसत नाही, अण्णा.

सांबशिव : दगडवाला मोठा कडक आहे. म्हणतो, एकदा छिन्नी लागली की मी जबाबदार नाही. म्हणून म्हटलं, भरदूच्या मशीनवर पुन्हा एकदा बघून जावं. कार्तिक शुद्ध चतुर्दशी, हेंच ना?

भरद्वाज : त्याचं असं आहे, अण्णा. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे तिथ्यांचं जरा…

शांभवी : अहो.

भरद्वाज : जरा पुढेमागे…

शांभवी : अहो, कॉफी निवतेय तुमची.

सांबशिव : अधिक महिना आहे तें ठाऊक आहे मजला. आता सगळं वाचतों. चष्मा लावून पंचांग वाचतों. अधिक महिन्याने इंग्रजी तारीख हलते, तिथी हलत नाही, असं वाध्यारांनी सांगितलं. खोटं का तें?

भरद्वाज : नाही. बरोबर आहे.

सांबशिव : मग जाहलं. मशीन लाव. आज मी स्वतः बघणार. जन्मभर बसची इंजिनं उघडलीं, हें एक इंजिन बघायचं राहिलं. माउस धरतां येतो मजला, नातीने शिकवलं.

भरद्वाज : कशाला, अण्णा. मी सांगतो ना.

सांबशिव : तूं सांगितलंसच की गेल्या वर्षी. आज मजला बघायचं आहे. त्याचं कारण सांगूं? आईने मजकडे कधी काही मागितलं नाही. दर वर्षी दिवाळी जाहली की एके सकाळी गोडाचा डबा वर ठेवायची, सोवळ्यांत स्वैपाक करायची, गच्चीवर पान मांडून कावळ्यांची वाट बघायची. मी खाली बसून हॉटेलांतला मुरुक्कू खायचों आणि वर ओरडायचों, कावळ्यांस युनियनचे मेंबर करून घे, वेळेवर येतील. ती काही बोलायची नाही. कुठली तिथी, मी विचारलं नाही. आजारांत शेवटीं महिनाभर पडून होती, तेव्हांही तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मजला वाटलं, आतां विचारलं तर तिला वाटेल मी तिच्या मरणाची तयारी करतों. खरं म्हणजे लाज वाटली. ती तिथी तिच्याबरोबरच गेली. म्हणून अप्पा गेल्याची जी तारीख कागदावर आहे, तिच्यापर्यंत आपल्या हातीं जाऊन बघूं दे. तेवढंच.

भरद्वाज : लावतो.

सांबशिव : वा. मोठं सुबक केलं आहेस रे. वार लाल अक्षरांत. हा डावा बाण म्हणजे मागे?

भरद्वाज : वरचा बाण वर्षाचा. खालचा महिन्याचा.

सांबशिव : दोन हजार. नव्वद. ह्या वर्षीं आमचा मोठा संप जाहला होता. शहाऐंशी, तूं तेव्हां कॉलेजांत. एक्क्याऐंशी. ऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर. अडकलं वाटतं.

भरद्वाज : अडकलं नाही.

सांबशिव : दाबतों आहे, हलत नाही. माझं बोट जाडं आहे, तूं दाब.

भरद्वाज : मी दाबलं तरी तेच, अण्णा.

सांबशिव : जानेवारी अठ्ठ्याहत्तर. ह्याच्या मागे जात नाही?

भरद्वाज : नाही.

सांबशिव : मग माझे अप्पा कुठें आहेत ह्यांत?

शांभवी : बोला आता. नाहीतर मी बोलते.

भरद्वाज : मी बोलतो. अण्णा, ते ह्यात नाहीत. कधी नव्हतेच. ह्या मशीनला अठ्ठ्याहत्तरच्या मागचा दिवस माहीत नाही. तुम्ही दिलेली तारीख त्याला कळली नाही. कळली नाही असं त्याने सांगायला हवं होतं, तर तसं सांगू नये म्हणून मीच लिहून ठेवलं होतं. त्याने नोव्हेंबर एकोणसत्तरच्या जागी नोव्हेंबर अठ्ठ्याहत्तर धरला. चतुर्दशी आली ती त्या वर्षाची. अप्पा त्या तिथीला गेले नाहीत.

सांबशिव : म्हणजे चतुर्दशीस मी केलं तें कोणाचं?

भरद्वाज : अप्पांचं नाही, अण्णा.

सांबशिव : पिंड ठेवला. नांव घेतलं. कावळा लगेच आला, वाध्यार म्हणाले, अप्पा वाटच बघत होते. मी गच्चीवर रडलों रे. कोणापुढें रडलों मग?

भरद्वाज : मला परवा कळलं. तेव्हापासून तुम्हांला फोन लावतो आणि बंद करतो. आत्ता अधिक महिन्याचं बोलत होतो तेही खोटंच. तसंच रेटून न्यावं असं मनात होतं. शांभवीने रोखलं.

सांबशिव : खरी तिथी कुठली?

भरद्वाज : कार्तिक शुद्ध पंचमी.

सांबशिव : इंग्रजीत सांग. गेल्या वर्षीं कुठला दिवस?

भरद्वाज : दिवाळीनंतरचा रविवार.

सांबशिव : थांब. तो रविवार तुझ्या अरुबदाम कल्याणमचा.

भरद्वाज : हो, अण्णा.

सांबशिव : मी विचारलं होतं, भरद्वाज.

भरद्वाज : हो.

सांबशिव : डब्याचं सांगितलं होतं. आई डबा वर ठेवायची तें.

भरद्वाज : सांगितलं होतं.

सांबशिव : तूं काय बोललास, आठवतं?

भरद्वाज : आठवतं.

सांबशिव : बोल.

भरद्वाज : अण्णा, नको.

सांबशिव : त्या दिवशीं सगळ्यांदेखत बोललास. आज आम्ही दोघंच आहों. बोल.

भरद्वाज : म्हणालो, 'अण्णा, जन्मभर लाल झेंडा धरलात, आणि आता मशीनला तिथी शिकवता?'

सांबशिव : लोक हसले. मीही हसलों. फोन ठेवून घरांत एकटा बसलों आणि म्हटलं, भरद्वाज बोलला तें बरोबरच आहे. जो आईच्या कावळ्यांस हसला, त्याने तिथीचा हक्क सांगावा कुठल्या तोंडाने? तुझ्या मशीनवर माझा विश्वास होता म्हणून गप्प बसलों नाही रे. माझ्यावर माझा विश्वास नव्हता. तुला तें ठाऊक होतं. म्हणूनच तुझा टोमणा तिथें बरोबर लागला.

भरद्वाज : इतकं मला ठाऊक नव्हतं, अण्णा. नाही, थोडं होतं. चार लोकांत माझं वर राहावं म्हणून बोललो. मशीन चुकलं त्याची मला तेवढी लाज नाही वाटत. तुम्ही बरोबर विचारलंत आणि मी हसलो, त्याची वाटते. परवापासून तोंड धुताना आरशात बघवत नाही.

सांबशिव : पंक्तीस बसलों तेव्हां आईचा डबा आठवला. म्हटलं उठावं, पित्ताचं निमित्त सांगावं. इतक्यांत तूंच भांडं घेऊन आलास. रेशमी वेष्टी, गळ्यांत हार. 'अण्णा, आणखी घ्या, तुमचा श्राद्धाचा नेम पुढल्या आठवड्यांत, तोवर खाऊन घ्या,' म्हणालास. मी द्रोण पुढे केला. दोनदां घेतलं.

शांभवी : अण्णा, मीही त्या हसण्यात होते. मला माफ करा.

सांबशिव : तूं दुसऱ्या घरांतून आलीस, तुला काय बोलूं. हा माझ्या चुलत्याचा मुलगा. ह्याला मी खांद्यावर बसवून देवाच्या मुत्तु पल्लक्कूची, मोत्यांच्या पालखीची रोषणाई दाखवली आहे.

भरद्वाज : मी क्षमा मागतो, अण्णा. वाकून मागतो.

सांबशिव : ऊठ. गुडघे दुखतात तुझे. मजकडे मागून काय होणार? उपाशी मी नाही राहिलों. पान त्यांचं चुकलं.

भरद्वाज : वाध्यारांना विचारू. राहून गेलेलं श्राद्ध नंतर करता येतं. अमावस्येला करतात. सगळी तयारी मी करतो.

सांबशिव : तें मी आणि वाध्यार बघूं. तयारी तूं करूं नकोस. आणखी कोणाकोणाच्या तारखा अशा जुन्या होत्या?

भरद्वाज : कमलाक्षी आत्याच्या घरची. नागलक्ष्मीच्या सासऱ्यांची. आणखी एक घर कुंभकोणमला. आजच सगळ्यांना मेसेज पाठवतो.

सांबशिव : मेसेज नको.

भरद्वाज : मग फोन करतो.

सांबशिव : फोनही नको. फोनवर तूं फार छान बोलतोस. जा. एकेकाच्या दारांत उभा राहा, मग सांग. तुझ्या तोंडाकडे बघून त्यांस जें बोलायचं तें बोलूं दे.

भरद्वाज : जातो. उद्यापासून जातो.

शांभवी : आज का नाही? कमलाक्षी आत्या इथे जवळच, मेलवीथीत राहतात.

भरद्वाज : आज जातो. आधी तुमच्याबरोबर दगडवाल्याकडे येऊ का, अण्णा? तिथी मीच सांगेन त्याला. चूक माझी, तर मीच…

सांबशिव : नको. तिथी मी सांगेन. माझ्या आईने पाळलेली तिथी आहे ती. तिने सांगितली नाही, तरी मजला ठाऊक होती. डबा वर गेला की पंचमी. ह्याच्यापुढे मी कोणास विचारणार नाही.

भरद्वाज : हो, अण्णा.

सांबशिव : आणि मशीनवर रागावूं नकोस. तें बिचारं अठ्ठ्याहत्तरला येऊन थांबलंच होतं. थांबलेल्यास तूं ढकललंस.

भरद्वाज : लिहीन आता. माहीत नाही, असं लिहीन.

सांबशिव : लिही. सरी, निघतों. दगडवाला दुपारीं झोपतो.

शांभवी : अण्णा, असे जाऊ नका. पान मांडते, भात झालेलाच आहे. दोन घास खाऊन जा.

सांबशिव : नको, शांभवी. त्या दिवशीं तुमच्याकडे पोटभर जेवलों. आज नुसतं पाणी दे.